रस्त्यात जागा होतीच

पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली आणि २०२१ साली आणखी २३. त्यातल्याच एका गावच्या मुख्य रस्त्याचं काम सल्लागार म्हणून माझ्याकडे आलं होतं. एकेकाळी बैलगाडी आणि दिवसातून दोनदा येणारी एसटी, एवढीच इथली वाहतूक. आता दोन्ही बाजूंना सोसायट्या, खाली दुकानांची रांग आणि मधेच शाळा. फुटपाथ थोडा वेळ सोबत करतो, मग आडवा येतो फीडर पिलर, म्हणजे वीजवाटपाची ती पेटी, मग डबराचा ढीग, आणि पुढे काहीच नाही. शाळा सुटली की मुलं डांबरावरून चालतात आणि त्यांच्या पाठीमागून पाण्याचा टँकर हॉर्न देत येतो. हे बघून मला आजही पोटात गोळा येतो.

अंदाजपत्रकात कामाला तरतूद होती, पण ती अर्ध्या लांबीला पुरेल एवढीच. त्यातून प्रत्येकाचं म्हणणं एकच: रस्ता मुळात अरुंद, फुटपाथला जागा आणायची कुठून? रुंदीकरण म्हटलं की भूसंपादन आलं, मोबदला आला, जागामालक पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, घेतील का हा प्रश्न आला. तोवर आत्ता पहिलीत असलेलं पोर दहावी होऊन बाहेर पडेल.

म्हणून एक अख्खा दिवस रस्त्यावर घालवायचं ठरलं. सकाळी टेप घेऊन मोजणी, आणि त्याच्या जोडीला दिवसभर पार्किंगचा सर्व्हे.

मोजणीत जे दिसलं ते मी नकाशावर आधी पाहिलं होतं, पण टेपचं टोक हातात धरून उभं राहिल्यावर ते जास्त पटतं. देवळापाशी डांबर सात मीटर. थोडं पुढे तेरा. शाळेसमोर पुन्हा नऊ. आता देवळापाशी सात मीटरच्या गळ्यातून जेवढी वाहनं सुटतात, तेवढीच पुढे तेरा मीटरवर पोचणार. तिथल्या जास्तीच्या सहा मीटरमुळे वाहतूक तसूभरही वेगाने सरकत नाही. म्हणजे डांबर सगळीकडे सारख्या रुंदीचं ठेवलं, तर उरलेली जागा चालणाऱ्यांना देता येते आणि कुणाची भिंतही पाडावी लागत नाही. पुण्याच्या २०१६ च्या रस्ते आराखड्याच्या मार्गदर्शक तत्त्वांमागे हाच विचार आहे. जंगली महाराज रस्त्यावर तो लोकांनी प्रत्यक्ष पाहिलाय.

मग ती सहा मीटर जागा वापरत कोण होतं? गाड्या. पण कुणाच्या?

आमच्या ऑफिसमधली दोन मुलं दर तासाला रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती आणि प्रत्येक उभ्या गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे तक्त्यात भरत होती. दुपारनंतर मी तो तक्ता बघायला घेतला आणि तिथेच थांबले. बरेचसे आकडे सकाळी नऊच्या रकान्यात होते, अकराच्या होते, तीनच्याही होते. एका मोपेडच्या सीटवर ऊन लागू नये म्हणून मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा ठेवलेला होता. तो सकाळपासून तसाच. गिऱ्हाईक पाच-दहा मिनिटांसाठी येतं, ते सीटवर पुठ्ठा ठेवत नाही.

संध्याकाळी विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात बैठक होती. दुकानदार, शाळेच्या मुख्याध्यापिका, सोसायट्यांची माणसं, वाहतूक हवालदार, कनिष्ठ अभियंता. पहिलाच प्रश्न अपेक्षित होता. "मॅडम, गाडी लावायला जागा नाही राहिली तर गिऱ्हाईक येणार कसं?"

मी तक्ता पुढे ठेवला. कुणाचं नाव घेतलं नाही, फक्त एवढंच सांगितलं की गिऱ्हाइकाची जागा सकाळीच भरून जाते. थोडी चुळबूळ झाली. मग औषधाच्या दुकानाचे मालक उठले. "यातल्या चार गाड्या आमच्याच आहेत. माझी, भावाची, आणि पोरांच्या दोन. मागे बोळात लावू आम्ही." भर सभेत हे बोलायला धाडस लागतं. त्यांच्यानंतर आणखी दोघे बोलले आणि बैठकीचा नूरच पालटला.

दुकानदारांची भीती मला खोटी वाटत नाही. धंदा हातावरचा असतो आणि रस्ता खोदून महिनोन्‌महिने तसाच ठेवलेला त्यांनी आजवर पाहिलाय. म्हणूनच मी क्रमाचा आग्रह धरला: आधी पाण्याची लाईन, ड्रेनेज, केबलचे डक्ट, आणि मगच वरचा फुटपाथ. एरवी नवे पेव्हर ब्लॉक वर्षाच्या आत उखडून रस्त्याकडेला रचलेले दिसतात.

कोपऱ्यात भाजीवाल्या मावशी बसल्या होत्या. "आमाला उठिवनार का?" मी नकाशा त्यांच्यापुढे पसरला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे चालण्याचा पट्टा किमान १.८ मीटर मोकळा हवा. त्याच्या आणि डांबराच्या मधल्या पट्ट्यात झाडं, दिव्याचे खांब, आणि तिथेच भाजीच्या पाट्या मांडायला जागा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना संरक्षणही दिलंय. मावशींनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "ही झाड कंच्या बाजूला?" उन्हाचा हिशेब त्यांचा माझ्यापेक्षा पक्का होता. ते झाड मी तिथल्या तिथे पेन्सिलने पश्चिमेला सरकवलं.

आता राहिले पैसे. अभियंत्यांनी सरळ सांगितलं, "३१ मार्चच्या आत खर्च पडला नाही तर तरतूद गेली." भूसंपादन टळल्यामुळे सगळी रक्कम कामातच जाणार होती आणि डांबर कमी झाल्याने पुढे डांबरीकरणाचा खर्चही घटणार होता. तरी पुऱ्या लांबीला ती अपुरीच. ठरलं ते असं: शाळेची बाजू पहिल्या टप्प्यात, आणि उरलेल्या लांबीसाठी याच प्रभागातल्या, यंदा सुरू न होणाऱ्या एका कामाच्या रकमेचं वर्गीकरण, म्हणजे ती रक्कम इकडे वळवून, मागायचं. तो प्रस्ताव स्थायी समितीपुढे जायचा आहे. मुख्याध्यापिकांनी पालकांच्या सह्यांचं पत्र त्याला जोडायला दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेसमोर फक्कीने आखणी झाली. फीडर पिलर मात्र अजून त्या रेषेच्या बरोबर मधे आहे. तो हलवण्याचं पत्र महावितरणला दिलंय. तिथून अंदाजित खर्च आला आणि रक्कम भरली, की खोदकाम सुरू करता येईल.