पेट, हिनी आणि हाउए

आज ग्रेंजर मार्केटमध्ये भाजीवाल्या बाईंनी सुटे पैसे हातावर ठेवत 'देअर यू आर, पेट' म्हटलं आणि दिवस छान गेला. इथे इंग्लंडच्या उत्तरेतल्या न्यूकॅसलला अनोळखी माणसालाही 'पेट' किंवा 'हिनी' म्हणतात. मंडईत 'काय देऊ ताई?' ऐकताना वाटते ना, तीच माया.

'ऑलराइट?' विचारलं तर तब्येतीचं पुराण सांगायचं नसतं, आपणही 'ऑलराइट' म्हणून पुढे निघायचं. 'व्हाय आय' म्हणजे 'हो तर!'

पण माझा जीव जडलाय तो 'हाउए'वर. चल, आटप, अरे काय हे, लढ बाप्पू, सगळं त्यात बसतं. अर्थ सुरावर ठरतो. सामन्याच्या दिवशी सेंट जेम्स पार्कबाहेर, म्हणजे न्यूकॅसलच्या फुटबॉल मैदानाबाहेर, 'हाउए द लॅड्स' ऐकलं की अंगावर काटा येतो. वीसेक किलोमीटरवरच्या संडरलंडमध्ये त्याचंच 'हावे' होतं, आणि तेवढ्यावरून माणूस कुठल्या क्लबचा ते ओळखतात! न्यूकॅसलच्या या बोलीला, जॉर्डीला, कुणी गावंढळ म्हटलं की मला खरंच राग येतो.

लेक आता फोनवर म्हणते, 'हाउए आजी, लवकर ये ना!' आजीला बरोबर कळतं.

ग्लासगो, डब्लिन, सिडनीकर मंडळी, तुमच्याकडे काय म्हणतात? लिहा ना.