२० जीबीने अडवलेला सर्व्हर

रत्नागिरीला मिरकरवाडा बंदराजवळ माझ्या काकांचा बर्फ कारखाना आहे, तिथला सर्व्हर मी सांभाळतो. सर्व्हर म्हणजे एक टॉवर, त्यावर उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम, त्यात मायएसक्यूएल हा डेटाबेस, आणि त्यात प्रत्येक बोटीचं खातं, कुणी किती लाद्या नेल्या, किती बाकी आहे, सगळं. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. १ ऑगस्टला बोटी सुटायच्या आधी बोटमालक नि तांडेल (बोट चालवणारे म्होरके) येऊन मागची बाकी बघून जातात आणि मगच नवीन बर्फाचं बोलणं होतं. नेमका २६ जुलैला सकाळी अकराच्या सुमारास सर्व्हर बंद पडला. आदल्या रात्रीपासून पाऊस नुसता कोसळत होता, लाईट जात येत होती. चालू केला तर बायोसमध्ये डिस्कच दिसेना. केबल बदलली, पोर्ट बदलला, दुसऱ्या मशीनला लावून बघितली, काही नाही. एसएसडी, म्हणजे सर्व्हरची डिस्क, गेली होती.

पण मी घाबरलो नव्हतो, कारण बॅकअप होता आणि चांगला होता. हे मी आजही अभिमानाने सांगतो. महिन्यातून एकदा रविवारी सर्व्हर बंद करून पेनड्राइव्हवरून क्लोनझिला हा डिस्कची नक्कल घेणारा प्रोग्रॅम चालवायचा आणि अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे ती नक्कल, यूएसबी हार्ड डिस्कवर घ्यायची. शिवाय रोज रात्री दोन वाजता क्रॉनने (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) डेटाबेसचा डम्प, म्हणजे सगळ्या नोंदींची एक फाइल, तो त्याच यूएसबी डिस्कवर आणि एक कॉपी इंटरनेटवरून कोल्हापूरला भावाच्या घरी. घाटावर एक कॉपी हवीच हे मी २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला तेव्हा शिकलो. तिथे ओळखीच्या एकाचा सर्व्हर आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात होती आणि दोन्ही पाण्याखाली गेलं.

म्हणजे सिस्टीम महिन्याभरापूर्वीची, डेटा काल रात्रीपर्यंतचा, आणि आज सकाळच्या चार पावत्या वहिनीकडे कागदावर. फक्त नवीन डिस्क आली की झालं. असं मला वाटलं.

आता जिथे अडकलो ते सांगतो, कारण याच्यावर मला कुणी आधी बोललेलं नव्हतं.

रत्नागिरीत त्या दिवशी हवी ती डिस्क मिळेना म्हणून कोल्हापूरच्या एका दुकानाला फोन केला, जुन्या डिस्कचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, ५०० जीबी अगदी स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि सांगितलं की अशीच हवी. तो म्हणाला आहे, आज पाठवतो. आंबा घाटात दरड आली म्हणून पार्सल अडकलं, तीन दिवस गेले, रोज कुरिअरवाल्याला फोन आणि रोज 'उद्या येईल'. २९ ला संध्याकाळी पाकीट आलं. उघडलं तर ४८० जीबी. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "साहेब दोन्ही एकच, याला ५००चीच म्हणतात." मी म्हटलं ठीक आहे, आपला डेटा आहे सगळा मिळून ९० जीबी, काय फरक पडतो, आणि सील फोडलं. सील फोडायच्या आधी बाहेरचा आकडा नीट बघा, कारण नंतर दुकानदार परत घेत नाही.

क्लोनझिला लावलं, इमेज निवडली, आणि त्याने सरळ नकार दिला. ज्या डिस्कवर टाकायचं ती मूळ डिस्कपेक्षा लहान आहे. बस. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये ९७,६७,७३,१६८ सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे छोटे कप्पे, असतात आणि ४८० वालीत ९३,७७,०३,०८८. हे आकडे मला आता पाठ झालेत, इतक्या वेळा त्या रात्री बघितले. फरक २० जीबीचा, आणि त्यात माझा एक बाइटसुद्धा डेटा नव्हता.

मग एक्स्पर्ट मोडमध्ये गेलो. तिथे डिस्कचा साइज तपासू नको असा पर्याय आहे, आणि पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, नव्या डिस्कच्या प्रमाणात बनव असाही आहे. दोन्ही लावले. पार्टिशन झाले, मशीन सुरू करायला लागणारं ईएफआयचं छोटं पार्टिशन आलंसुद्धा, आणि मुख्य पार्टिशनला पार्टक्लोनने (क्लोनझिलाच्या आतला कॉपी करणारा प्रोग्रॅम) थांबवलं, टार्गेट पार्टिशन सोर्सपेक्षा लहान आहे. तपासणी बंद करायचा पर्याय तोच सुचवतो आणि पुढे कंसात धोकादायक असंही लिहितो. रात्रीचे दीड वाजले होते, माझा हात कीबोर्डवर होता, पण मी तो पर्याय दिला नाही याचं मला फार बरं वाटतं.

कारण असं की क्लोनझिला भरलेले ब्लॉक तेवढे कॉपी करतं हे खरं, म्हणून इमेज लहान होते, पण परत टाकताना प्रत्येक ब्लॉक जिथे होता तिथेच ठेवतं. ९० जीबी सलग सुरुवातीला बसलेले नसतात, एक्स्ट-४, म्हणजे उबंटूची फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत), त्यांना डिस्कभर पसरवून ठेवते. शेवटच्या २० जीबीत माझ्या टेबलचा एखादा तुकडा असेल तर तो जाणार कुठे? शिवाय फाइल सिस्टीम स्वतःला अजून जुन्या मापाचीच समजत असते. म्हणजे प्रोग्रॅमचं बरोबर होतं. मूळ डिस्क जिवंत असती तर आधी पार्टिशन लहान करून पुन्हा इमेज घेता आली असती, पण ती तर मेलेली.

आणि मला राग कशाचा येतो तर याचा, की दर महिन्याला इमेज घेतल्यावर ती परत टाकता येईल का हे तपासायला क्लोनझिला विचारतं, मी दर वेळी हो म्हणायचो, ते सगळं ठीक असल्याचं सांगायचं आणि मी निश्चिंत व्हायचो. ती तपासणी इमेज वाचता येते का एवढंच बघते. कुठल्या डिस्कवर बसेल हे ती सांगू शकत नाही, ते आपणच दुसरी डिस्क लावून बघायचं असतं, आणि ते मी एकदाही केलं नव्हतं.

३० तारखेला सकाळी दुकानदाराशी पुन्हा भांडलो, काही उपयोग नाही. दुसरी मागवली तर पुन्हा तोच घाट. काका काही बोलत नव्हते पण दर तासाने येऊन दारात उभे राहायचे. दुपारी वहिनी म्हणाली, "भावजी, त्या कॅमेऱ्याच्या डब्यात पण डिस्कच असते ना?" मी उठून आधी डीव्हीआर, म्हणजे तो कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा, उघडला. आत १ टीबीची साधी साटा हार्ड डिस्क! रेकॉर्डिंग जाईल म्हणून काकांना विचारलं, ते म्हणाले काढ.

त्यानंतर सगळं सरळ. इमेज चाळीस मिनिटांत बसली (यूएसबी डिस्क मागच्या निळ्या पोर्टला लावा, पुढच्या पोर्टला आमच्याकडे खाऱ्या हवेने गंज चढतो), पहिल्या झटक्यात उबंटू चालू, वरून २६ च्या रात्री दोनचा डम्प टाकला, वहिनीने पावत्या भरल्या. ३१ ला सकाळी बाकीची यादी प्रिंट होऊन टेबलावर. काकांनी चहा मागवला तेव्हा मला कळलं की मी आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं.

डम्पवरून आठवलं, डम्प घेणाऱ्या मायएसक्यूएलडम्प कमांडला रूटीन्स आणि इव्हेंट्स हे दोन पर्याय वेगळे सांगावे लागतात, ट्रिगर आपोआप येतात पण प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्रॅम) येत नाहीत. माझ्या प्रोसीजर इमेजमध्ये होत्या म्हणून निभावलं, कोऱ्या मशीनवर टाकला असता तर बिलाचा नंबरच तयार झाला नसता. आणि चालू डेटाबेसचा डम्प घेताना सिंगल ट्रान्झॅक्शन हा पर्याय लावा, टेबल इनोडीबी प्रकारचे असतील तर काम न थांबवता सुसंगत कॉपी मिळते.

बरेच जण म्हणाले रेड १, म्हणजे दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणं, का नाही केलं. डिस्क मरण्यापुरतं ते चांगलं, हे पाच दिवस वाचले असते, मी ते करणारही आहे. पण चुकून खातं उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून एकदमच उडतं, त्यामुळे डम्प बंद करू नका.

नवीन डिस्क घ्यायच्या आधी जुनीचा नेमका आकार बाइटमध्ये लिहून ठेवा, एलएसबीएलके कमांड बाइटचा पर्याय लावून दिली की दिसतो. मेल्यावर विचारून उपयोग नाही. मी तो आता टॉवरवरच चिकटवलाय.

ऑगस्टमध्ये एका रविवारी जीपार्टेड या पार्टिशन लहानमोठे करणाऱ्या प्रोग्रॅमच्या पेनड्राइव्हवरून मुख्य पार्टिशन २०० जीबीपर्यंत लहान केलं (माउंट नसतानाच होतं हे), तिथूनच दोन्ही पार्टिशन त्या ४८० च्या एसएसडीवर कॉपी केले आणि ग्रब, म्हणजे उबंटू सुरू करून देणारा प्रोग्रॅम, परत बसवला. कॉपीत यूयूआयडी (पार्टिशनचे ओळख क्रमांक) तेच राहतात, म्हणून एफएसटॅबला (सुरू होताना कुठलं पार्टिशन जोडायचं ते लिहिलेली फाइल) हात लावावा लागला नाही, पण त्याच कारणाने दोन्ही डिस्क एकत्र लावून सर्व्हर चालू करू नका, कुठल्या डिस्कवरून चाललाय ते कळत नाही. मग इमेज त्या ४८० वरूनच नव्याने घेतली, १ टीबीवर टाकून बघितली, चालू झाला, लॉगिन करून एका बोटीचं खातं उघडून बघितलं. त्यानंतरच डिस्क पुसून डीव्हीआरला परत लावली.