कोलकात्याची डर्बी, फातोर्ड्याचं मैदान : नगरमार्गे जाऊन आलो

३१ ऑक्टोबर २०२५ ला सुपर कप या फुटबॉल स्पर्धेत मोहन बागान आणि ईस्ट बेंगाल हे कोलकात्याचे दोन क्लब गोव्यात भिडणार (एकाच शहरातल्या दोन संघांची झुंज म्हणजे डर्बी), हे कळल्यावर सराफ्यातल्या आमच्या बंगाली दादानं आधी अंतर मोजलं. संभाजीनगरच्या सराफ्यात दागिने घडवणारे बंगाली कारागीर बरेच आहेत. हा त्यांतलाच, हुगळी जिल्ह्याचा. गावाकडं जायचं तर आधी मनमाड नाहीतर भुसावळ गाठायचं, तिथून एक अख्खा दिवस आणि वर एक रात्र गाडीत. एका सामन्यासाठी कोण जातं? पण गोवा म्हणजे नगरहून एका रात्रीची गाडी. "मामा, डर्बीच आपल्याकडं आली म्हणा की," असं तो माझ्या भाच्याकडून उचललेल्या मराठीत म्हणाला, आणि तिथंच जायचं ठरलं.

आम्ही चौघं. दादा, भाचा, मी आणि पैठण तालुक्यातले एक क्रीडाशिक्षक. दिवाळीची सुट्टी असल्यानं सरांना रजेचा प्रश्न नव्हता. घरून मात्र विचारणा झालीच : बंगालच्या टीम, गोव्याचं मैदान, तुम्ही मराठवाड्यातून कामून चाललात? विचारणं रास्त होतं. आपल्याकडं फुटबॉल म्हणजे आमखास मैदान, छावणीचा भाग आणि शाळांच्या स्पर्धा. बाकी सगळं क्रिकेट, कबड्डी, खो-खो. आपला म्हणावा असा मोठा संघ आठही जिल्ह्यांत नाही. त्यामुळं आपल्याला मोठा सामना बघायचा तर तो कुणाचा तरी परक्या गावातला "घरचा" सामना असतो.

आणि असे सामने वाटतात त्यापेक्षा पुष्कळ होतात. ओडिशा एफसीनं २०१९ मध्ये आपले सुरुवातीचे घरचे सामने पुण्यात, बालेवाडीला खेळले, कारण भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमचं काम चालू होतं. मुंबई सिटीनं २०२३ ला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराणच्या नसाजी संघाला बालेवाडीतच बोलावलं आणि पुढं सौदीच्या अल हिलालला नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर. इंटर काशी हा वाराणसीचा क्लब आय-लीग या दुसऱ्या फळीच्या लीगचे घरचे सामने बंगालमधल्या कल्याणीत खेळत होता. काशीचं घर कल्याणीत! कधी स्टेडियमचा परवाना आड येतो, कधी दिवे, कधी गवत, कधी पोलिस.

पोलिसांवरून आठवलं. ११ जानेवारी २०२५ ची आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग, देशातली सर्वांत वरची लीग) डर्बी कागदावर मोहन बागानच्या घरची होती, पण झाली गुवाहाटीत. गंगासागर मेळ्याच्या बंदोबस्तामुळं कोलकात्यात पुरेसे पोलिस मिळणार नव्हते. जेमी मॅकलारेननं दुसऱ्याच मिनिटाला गोल केला आणि तेवढ्यावर मोहन बागान १-० नं जिंकलं. त्याआधी ही डर्बी सिलिगुडीला गेली, भुवनेश्वरला गेली. आयएसएलमधली पहिली डर्बी तर २७ नोव्हेंबर २०२० ला वास्कोच्या टिळक मैदानावर झाली, कोरोनामुळं एकही प्रेक्षक नसताना. मोहन बागान, तेव्हाचं नाव एटीके मोहन बागान, २-० नं जिंकलं. जानेवारी २०२२ मध्ये याच मडगावजवळच्या फातोर्ड्यात किआन नासिरीनं बागानकडून हॅटट्रिक मारली. त्याचे वडील जमशेद नासिरी हे ईस्ट बेंगालचं जुनं मोठं नाव. घरात काय बोलणं झालं असेल कुणास ठाऊक. ती डर्बीही बंद दाराआडच, प्रेक्षकांविना. आमच्या दादानं ती दुकानात पाटावर बसून मोबाइलवर बघितली होती, म्हणून यावेळी त्याला स्टेडियममध्ये आत जाऊन बसायचं होतं.

आता रस्त्याचं. गोवा एक्सप्रेस ही दिल्लीहून येणारी गाडी मनमाड, कोपरगाव, अहिल्यानगर, दौंड, पुणे, सातारा, मिरज, बेळगाव, लोंढा करत मडगावला जाते. संभाजीनगरहून लोक सवयीनं मनमाडला जाऊन ती धरतात. माझं मत, नगर बरं. एसटी भरपूर आहेत, वाळूज, गंगापूर फाटा, कायगाव-प्रवरासंगमचा गोदावरीवरचा पूल, नेवासा फाटा असा सरळ रस्ता, आणि गाडी चुकलीच तर नगरहून पुण्याला पुढं जाता येतं. मनमाडला चुकली तर तिथंच बसा. बीडकरांनाही नगरच सोयीचं. लातूरकरांनी मात्र उलटं नगरला येऊ नये. लातूर-कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज हा लोहमार्ग आहे, मिरजेतच ही गाडी धरावी. नांदेड-परभणीकरांना पुण्यापर्यंत रेल्वेनं येऊन तिथून चढणं बरं पडेल. खासगी स्लीपर बसचा पर्याय आहेच, पण घाटातल्या रात्रीनंतर सामना बघायला डोळे उघडे राहतील याची हमी मी देत नाही.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि सामन्यांचं वेळापत्रक बहुतेक वेळा त्यानंतर जाहीर होतं. गटांची नावं कळली की तारखेचा अंदाज बांधून तिकीट काढून ठेवा, नाही जमलं तर रद्द करा. दिवाळीच्या आसपास तत्काळच्या भरवशावर राहू नका.

डब्यात सरांनी दशम्या, शेंगाची चटणी आणि ठेचा काढला. दादानं ठेचा एकदाच चाखला. मग दौंड ते सातारा वादच. दादा घोटी, म्हणजे पश्चिम बंगालचा मूळ रहिवासी, म्हणून बागानचा. १९११ ला अनवाणी खेळून ब्रिटिश फौजेच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवणारा क्लब, हे त्यानं भाच्याला इतक्यांदा सांगितलंय की भाचा तारखेसकट म्हणून दाखवतो. ईस्ट बेंगाल बांगालांचा, पद्मा नदीपलीकडून, म्हणजे पूर्व बंगालमधून आलेल्यांचा. फाळणीनंतर निर्वासित होऊन कोलकात्यात आलेल्यांना हा क्लब आपला वाटला, कारण सुटलेल्या मुलखाचं नाव तेवढं त्या जर्सीवर उरलं होतं. हे ऐकून सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग मी ईस्ट बेंगाल." त्यांच्या वडिलांचं गाव जायकवाडीच्या पाण्यात गेलं. नव्या जागी पुनर्वसन झालं, पण घरातली म्हातारी माणसं अजून "गावात" म्हणतात ती नाथसागराच्या तळाकडं बोट दाखवून. दादाला हे कळलं असावं. पण त्यानं वाद काही सोडला नाही. १९७५ च्या आयएफए शील्ड या जुन्या स्पर्धेच्या फायनलमधला ईस्ट बेंगालचा बागानवरचा ५-० विजय सरांनी मोबाइलवर शोधून काढल्यावर तर मिरजेपर्यंत कुणी झोपलं नाही.

मडगावला पहाटे उतरतो. स्टेशनबाहेर रिक्षावाले सांगतील तो दर ऐकून घाबरू नका, एकट्यादुकट्यासाठी "पायलट" म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी स्वस्त पडते. चौघं असाल तर ॲपवरून गाडी मागवा. मुक्काम मडगावातच करा, पालिका बागेच्या आसपास किंवा कदंब बसस्थानकाजवळ. कोलवा किनारा सहाएक किलोमीटरवर आहे आणि मोह होतो, पण सामना रात्री साडेसातचा, संपता संपता साडेनऊ, आणि गोव्यात रात्री आठनंतर बस विरळ होतात. कदंब स्थानकापासून फातोर्डा स्टेडियम चालत जाण्याइतकं जवळ आहे. समुद्र सकाळी बघून घ्या.

खाण्याचं : माळकरी मंडळींचं अडत नाही. सकाळी पातळ भाजी आणि पाव, किंवा भाजी-पुरी, कुठल्याही छोट्या कॅफेत मिळते. खाणाऱ्यांनी रस ऑम्लेट (कोंबडीच्या रश्श्यातलं ऑम्लेट) चुकवू नये. आमच्या भाच्याला ते इतकं आवडलं की त्याला हिलसा-कोळंबीच्या भांडणात (ईस्ट बेंगाल जिंकलं की हिलसा, बागान जिंकलं की कोळंबी) काही रस उरला नाही.

फातोर्ड्याचं पूर्ण नाव पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम. १९८९ चं आहे. जुन्या क्रिकेटवाल्यांना ते एकदिवसीय सामन्यांसाठी आठवत असेल. पण एक गोष्ट आधी तपासा : याच स्पर्धेचे काही सामने बांबोळीला होते, म्हणजे पणजीच्या बाजूला. तिकिटावर मैदानाचं नाव वाचून मगच मुक्काम ठरवा. तिकिटांची घोषणा क्लबांच्या आणि फुटबॉल महासंघाच्या अधिकृत पानांवर बघा, गेटबाहेर कुणी देतोय म्हणून घेऊ नका. आत पाण्याची बाटली, पॉवर बँक, नाणी, लायटर अशा गोष्टी नेता येणार नाहीत असंच धरून चाला आणि खोलीवर ठेवून या. दीड तास आधी पोचा.

कपड्यांचा सल्ला गमतीचा वाटेल, पण घ्या. हिरवा-मरून म्हणजे बागान, लाल-सोनेरी म्हणजे ईस्ट बेंगाल. बाजू घ्यायची नसेल तर पांढरा किंवा करडा सदरा. लाल टी-शर्ट घालून बागानच्या बाजूला बसलात तर कुणी मारणार नाही, पण सगळे बघतील. आम्ही चौघांनी एकत्र बसायचं म्हणून सरांना त्यांची नवी निष्ठा खिशात ठेवावी लागली.

आमच्या आजूबाजूला कोलकात्याहून खास आलेले होतेच, ढोल आणि भलेमोठे झेंडे घेऊन. पण मला जास्त दिसले ते गोव्यातच कामाला असलेले. हॉटेलात वाढणारे, बांधकामावरचे, एक सुतार. समोरच्या ओळीतला पोरगा कळंगुटहून सुट्टी काढून आला होता आणि व्यवस्थापकाला आजारी असल्याचं सांगून आलोय म्हणून टीव्हीचा कॅमेरा आला की खाली वाकायचा. दादाला त्याच्याशी बोलताना दहाव्या मिनिटाला कळलं की दोघांची गावं एकाच लोकल लाइनवर आहेत. त्यानंतर आमच्याशी त्याचं बोलणं बंद झालं, मराठी तर पूर्णच.

सामना? गोलशून्य. गणित आधीच सोपं होतं. दोघांचेही चार-चार गुण, पण ईस्ट बेंगालनं चेन्नईयिनला ४-० नं हाणलं होतं आणि बागाननं २-० नं. म्हणजे बरोबरी झाली तरी गोलफरकावर ईस्ट बेंगाल पुढं. बागानला जिंकणं भाग होतं. असा सामना बघायला अवघड असतो, एका संघाला काहीच घडू द्यायचं नसतं. शेवटची दहा मिनिटं मात्र बसून बघता येणारी नव्हती. "जय मोहन बागान" इतका वेळ चाललं की भाच्याचा घसा बसला. शिट्टी झाली, सर खिशात हात घालून हसत होते. ईस्ट बेंगाल पुढं फायनलपर्यंत गेलं आणि डिसेंबरात तिथंच एफसी गोवाकडून पेनल्टीवर हरलं, पण ते आम्ही घरी बघितलं.

माझी तक्रार स्पर्धेच्या आखणीबद्दल आहे. आयएसएलचा हंगाम तेव्हा सुरूच झाला नव्हता, सगळं लक्ष या एका स्पर्धेवर, आणि एवढी डर्बी गटातल्या हिशेबात अडकवून टाकली. बाद फेरीत आली असती तर कुणीतरी जिंकलं असतं. कोलकात्यात राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं तर हा अन्यायच. आपल्यासारख्यांनी ते बोलून दाखवू नये इतकंच.

परतीला तीच गाडी उलट दिशेनं धरा. दुपारी निघते, त्यामुळं कुळे ते कॅसलरॉक हा घाट उजेडात लागतो आणि दूधसागर दिसतो. जाताना तो अंधारात निघून जातो. पावसाळा नुकताच सरलेला असला की पाणी भरपूर असतं. पुणे पहाटे येतं, झोपून राहा, नगरला उतरा आणि तारकपूर स्थानकावरून संभाजीनगरची एसटी पकडा. मनमाडपर्यंत जाण्यात वेळ वाया जातो. मनमाडहून ही गाडी पकडून उत्तरेला जाणाऱ्यांनी तर वेळेआधीच फलाटावर उभं राहावं : जुलै २०२३ मध्ये ती तिथून दीड तास आधी सुटली होती आणि ४५ प्रवासी मागं राहिले होते.

पुढची डर्बी कोलकात्यातल्या सॉल्ट लेकला झाली तर दादा येणार नाही म्हणतोय. गुवाहाटीला झाली तर मीही नाही. पण बालेवाडी, नवी मुंबई किंवा पुन्हा गोवा असं काही जाहीर झालं, तर आमची नगरची एसटी ठरलेली आहे. सरांनी लाल-सोनेरी मफलर मागवून ठेवलाय, आणि यावेळी ते वेगळ्या स्टँडचं तिकीट काढणार आहेत.