मटण खाणाऱ्यांचं सेइतान: रेषा जमल्या, आता रसाचं बघू

सेइतान म्हणजे पिठातला स्टार्च धुऊन उरलेल्या ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचा, मांसासारखा शिजवलेला गोळा. त्यात मटणासारख्या रेषा कशा आणायच्या, हा मागच्या नोंदीतला प्रश्न बऱ्यापैकी सुटलाय. उरलाय तो रसाचा. मटणाची सवय असलेल्या जिभेला पहिल्याच घासात जाणवतं ते हे की चावायला सगळं ठीक आहे, पण चरबी नाही आणि हाडातून रश्शात उतरणारा चिकटपणाही नाही. आपण शाकाहारी नाही, तेव्हा हे दोन्ही सरळ मटणातूनच घ्यायला काय हरकत आहे? या खेपेची सगळी खटपट त्यासाठी.

माल मैद्याचाच घ्या. कणकेतला कोंडा ग्लुटेनचे धागे तोडतो आणि धुताना अर्धा गोळा गाळणीत राहतो. पाकिटावर 100 ग्रॅमला 10–11 ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असावीत. 1 किलो मैदा, साधारण 600 मिली पाणी, 10 ग्रॅम मीठ. 10 मिनिटं चांगला रगडून मळा आणि गोळा गार पाण्यात तासभर बुडवून ठेवा. हा तास वाचवायला गेलात तर ग्लुटेन नीट जुळत नाही आणि पाण्याबरोबर वाहून जातं.

मग परातीत गार पाण्यात चोळून धुवायचं. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला गोळ्याच्या चिंध्या होतात, सगळं बिघडलं असं वाटतं. थांबू नका. पाणी गाळणीतून ओता, चिंध्या मुठीत दाबून एकत्र करा, पुढच्या पाण्याला गोळा परत धरतो. मात्र पाणी अगदी नितळ होईपर्यंत धूत बसायचं नाही. पाणी किंचित गढूळ आहे पण परातीचा तळ दिसतोय, इथे थांबा. सगळा स्टार्च काढलात तर शिजल्यावर रबर चावावं लागेल. 1 किलोतून 300 ग्रॅमच्या आसपास ओलं ग्लुटेन मिळतं, आणि त्यातही मोठा वाटा पाण्याचाच.

पहिली दोन पाणी ओतून देऊ नका. रात्रभर निवळली की तळाशी गव्हाचा चीक बसतो. मीठ-हिंग घालून शिजवा, वर तूप सोडून खा. तीन दिवस गहू भिजवलेल्या चिकाचा आंबूसपणा त्याला येत नाही, एवढं सोडलं तर झकास. उलट बाजूने, कुरडईच्या चोथ्यातून ग्लुटेन काढायचा नाद मात्र सोडा. त्यात सगळा कोंडा असतो, आणि आंबवणीत ग्लुटेनही ढिलं पडलेलं असतं.

चव शिजवण्याआधीच आत घालावी लागते, कारण शिजलेला गोळा मसाला फारसा ओढत नाही. 300 ग्रॅमला 2 टेबलस्पून बेसन, 1 टेबलस्पून सोया सॉस, 1 टीस्पून व्हिनेगर, पाणी आटेपर्यंत परतलेलं आलं-लसूण वाटण आणि बारीक चाळलेला मसाला. भरड मसाला धागे तोडतो. बेसनाने चिवटपणा उतरतो, शिवाय गव्हात कमी असलेलं लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) थोडं भरून निघतं. व्हिनेगरने पिठूळ वास दबतो. मटणाला कच्ची पपई लावायची सवय असेल तर इथे ती अजिबात नको: पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं, तासाभरात रेषांच्या जागी लगदा.

चरबी आधी घातली तर ती धाग्यांवर बसते आणि धागे एकमेकांना धरत नाहीत. म्हणून गोळा आधी तासभर झाकून ठेवायचा, मग ओढून लांब पट्टी करायची, तिच्यावर मटणाची वितळवून गार केलेली घट्ट चरबी 20–25 ग्रॅम कुसकरून टाकायची, पीळ द्यायचा आणि दोन-तीन घट्ट गाठी मारायच्या. 30 ग्रॅमच्या वर गेलात की पीळ निसटतो. गाठीत जितका ताण, तितक्या लांब रेषा.

कढईत सगळीकडून तांबूस करून घ्या आणि पाया (बोकडाचे पाय) घालून केलेल्या आळणीत, म्हणजे मटणाच्या पातळ रश्शात, सोडा. लिटरला 12 ग्रॅम मीठ पुरतं, आत सोया सॉस आहेच. आता सगळा खेळ आचेचा. 85–90 अंश, म्हणजे कडेला बारीक बुडबुडे, वर उकळी नाही. खळखळ उकळलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन गोळा फुगतो आणि स्पंज होतो. कुकरच्या शिट्ट्यांचंही तेच. सव्वा तास ठेवा, त्याच पाण्यात गार करा, मग रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी आळणी थरथरीत जमलेली असते आणि गाठी सोडवल्या की रेषा नीट सुटतात. गरम असताना कापून पाहिलंत तर आत चिकट दिसेल. ते कच्चं नसतं, घट्ट व्हायचं बाकी असतं.

सुरी नको, हातानेच फाडा. फाटलेल्या खडबडीत कडांना रस्सा धरतो. सुक्कं आणि तांबडा रस्सा उत्तम होतो. पांढऱ्या रश्शात मात्र मसाल्याचा आडोसा नसतो आणि गव्हाची चव उघडी पडते, तिथे खरं मटणच घाला.

तयार ग्लुटेन पावडर (150 ग्रॅमला 30 ग्रॅम बेसन, 180 मिली पाणी, 40 मिनिटं वाफवून) झटपट होते, पण रेषा कमी आणि पावाकडे झुकणारी. खिम्याला चालते. सध्या दोन भाग खिमा आणि एक भाग किसलेलं सेइतान हे प्रमाण बसलंय. खिम्याने पाणी सोडलं की लगेच कीस टाकायचा, म्हणजे ते पाणी तो पितो. पाणी आटल्यावर टाकला तर कोरडा चुरा वेगळा लागतो. निम्मं-निम्मं केल्यावर कबाब तव्यावर फुटतात, कारण शिजलेलं ग्लुटेन पुन्हा बांधत नाही. पुढच्या खेपेला त्यात थोडं न शिजवलेलं ग्लुटेन मिसळून बघायचंय. आणि पाहुण्यांना आधी सांगा: आळणीतलं हे शाकाहारी नाही, आणि सिलिअॅक (ग्लुटेन न सोसणारा आजार) असलेल्याच्या पानात तर चुकूनही वाढायचं नाही.