गाळातले गंधक

पीएच.डी.च्या कामासाठी मी नागपूरच्या दक्षिणेकडचा एक लहान तलाव निवडला, कारण त्याच्या पाणलोटात कापूस आणि संत्री ही दोन्ही पिके आहेत आणि शेतांमधून वाहणारा नाला थेट त्यातच उतरतो. पाण्यात सहसा न विरघळणारी कीटकनाशके मातीतील सेंद्रिय अंशाला चिकटून तळाशी बसतात, म्हणून पाण्यापेक्षा गाळ तपासणे अधिक उपयोगाचे होते. ऑक्टोबरमध्ये एका ढीवर काकांच्या डोंग्यातून एकमन ग्रॅबने (तळाचा गाळ पकडणाऱ्या जबड्यासारख्या पेटीने) गाळ वर काढला आणि वरचा 5 सेंटीमीटरचा थर स्टीलच्या चमच्याने काचेच्या बरण्यांत भरला. काका म्हणाले, "मॅडम, मासोया खायच्या का नाही, येवढं सांगजा."

अर्क काढण्यासाठी 2003 साली फळे आणि भाज्यांसाठी प्रसिद्ध झालेली, ॲसिटोनायट्राइल आणि क्षारांवर आधारलेली क्वेचर्स पद्धत घेतली. ती सोपी आहे, पण गाळ म्हणजे टोमॅटो नव्हे. अर्कातील घटक वेगवेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्राच्या इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टरवर (घटकांची नोंद घेणाऱ्या भागावर) ॲल्ड्रिन या कीटकनाशकाच्या जागेच्या आसपास आलेखात एवढा मोठा उंचवटा आला की बंदी असलेले रसायन सापडल्याच्या समजुतीने मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या मार्गदर्शक सरांनी आलेख पाहून एकच प्रश्न विचारला, "गाळाला वास कसला होता?" वास सडक्या अंड्यांचा होता. प्राणवायू नसलेल्या काळ्या गाळात जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड बनवतात, त्याचा काही भाग पुढे मूलद्रव्य गंधकात बदलतो आणि हे गंधक कीटकनाशकांसोबतच अर्कात उतरून डिटेक्टरवर त्यांच्या खुणा झाकते.

उपाय तांब्याचा, कारण ते गंधकाला धरून ठेवते. सौम्य नायट्रिक आम्लाने धुऊन चकचकीत केलेली तांब्याची पूड अर्कात हलवली, तेव्हा ती डोळ्यांदेखत काळी पडली आणि माझे ॲल्ड्रिनही तिच्याबरोबर गेले. मात्र तांब्यामुळे क्लोरपायरिफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फरस (फॉस्फरसयुक्त) कीटकनाशकांचे विघटन होऊ शकते, हे मला पद्धतीच्या पुस्तिकेतील एका तळटीपेत उशिरा दिसले. परिणामी सर्व अर्क दोन भागांत करून एक भाग तांब्याविना वेगळा तपासावा लागला, आणि त्यात तीन आठवडे गेले.

दुसरी चूक निव्वळ हिशेबाची होती. मी ओला गाळ तोलून आकडे ओल्या वजनावरच मांडले होते. गाळात 60 टक्के पाणी असेल, तर कोरड्या वजनावर तोच आकडा अडीचपट होतो. त्यामुळे प्रत्येक बरणीतील थोडा गाळ 105 अंश सेल्सियसला वाळवून संपूर्ण तक्ता नव्याने केला. ज्ञात मात्रेत कीटकनाशक मिसळलेल्या नमुन्यांची प्राप्ती, म्हणजे मिसळलेल्यापैकी परत सापडलेला भाग, 70 ते 120 टक्क्यांत बसल्यावरच सरांनी त्यावर सही केली.

पुढच्या फेरीत काकांनी पुन्हा तेच विचारले. मासे स्वतंत्रपणे तपासावे लागतील, गाळाच्या आकड्यावरून ते सांगता येत नाही, असे मी सांगितले. "मंग गाळ कायले काढला?" असे म्हणून त्यांनी डोंगा नाल्याच्या मुखाकडे वळवला.