काळोखाचे 1500 रुपये

'शहरापासून दूर, गडद काळोख, टेलिस्कोपसह.' आकाशदर्शन कॅम्पच्या या जाहिरातीला भुलून आम्ही तिघे ठाण्याहून मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या आसपास गेलो. माणशी 1500. तारीख मात्र विचार करून निवडली होती, महाशिवरात्रीच्या आदला शनिवार. शिवरात्र वद्य चतुर्दशीची, त्यामुळे त्या दिवसांत चंद्र पहाटेशिवाय उगवत नाही. आकाशाने शब्द पाळला. वाट लावली ती हॅलोजनने.

तंबूंच्या मधोमध खांब आणि त्यावर हे एवढं पांढरंफेक प्रकरण. बंद करा म्हटलं तर मालक म्हणतो, "बिबट्या फिरतो, दादा." शेजारी डीजे ढणाणत असताना बिबट्या? डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झोतात सगळं मुसळ केरात. साडेदहापर्यंत आम्ही सहा वेळा नव्याने सुरुवात केली. टेलिस्कोपचे माणशी 200 वेगळे निघाले. ट्रायपॉडचा एक पाय दगडावर टेकवलेला, त्यामुळे कुणाचा हात लागला की मृगातला तेजोमेघ गायब. चहा 40 रुपये. असो. नाही, असो कसलं, पार्किंगचे 100 पण घेतले!

अकराला चटया उचलल्या आणि अर्धा किलोमीटर वर भाताच्या रिकाम्या खाचरांत गेलो. तिथल्या आजोबांना विचारलं, "बसू का जरा?" "बसा की. कुत्र्यावर बत्ती मारू नका फक्त."

पावणेबाराला पुष्यातला तारकागुच्छ बरोबर डोक्यावर होता, नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखा दिसणारा. सप्तर्षींतल्या वसिष्ठाजवळची अंधूक अरुंधती स्पष्ट. आमच्या गच्चीवरून मला ती आजवर दिसलेली नाही. पश्चिम मात्र सोडून द्या, कल्याण-उल्हासनगरचा उजेड तिकडे बराच वर चढतो. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, म्हणून उगवणारं सगळं उशिरा दिसतं. वृश्चिकेतला ज्येष्ठा तारा कड्यावर यायला तीन वाजले. डोक्यावर आणि दक्षिणेला बघा. साडेचारच्या आसपास दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम 23 अंशांवर, ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोल गुच्छ. बायनॉक्युलरमधून कापसाचा बोळा. मी तिघांत सर्वांत दमलेला होतो, तरी उठून उभा राहिलो.

जायचंच असेल तर अॅडव्हान्स देण्याआधी 'रात्री दिवे आणि डीजे बंद' हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. नाही म्हणाले तर जाऊ नका. माझं मत विचाराल तर कॅम्प घेऊच नका, गावात विचारून शेतात बसा. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावा. दोननंतर दव पडतं, भिंगं झाकून ठेवा, पुसत बसू नका. होळीनंतर बेत करू नका: राब (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पसरून जाळायचा पालापाचोळा) भाजायला लागले की धूर खाली साचून राहतो. आमच्या वेळीही दोन ठिकाणी धुमसत होतं. शनिवारी चारच्या आत कल्याणजवळचा शहाडचा पूल ओलांडा, नाहीतर संधिप्रकाश ट्रॅफिकमध्येच जाईल.

रविवारी नाणेघाटाच्या पायथ्याशी फिरलो, छान होतं.

आणि जो गाडी चालवणार त्याला रात्री दोनला झोपवाच. आमचा नाही झोपला. म्हारळजवळ गाडी बाजूला घेऊन तासभर तिघेही घोरत पडलो होतो.