काट्याच्या केबिनमधला बेचाळिसावा पीसी

फेब्रुवारी २०२५ ची गोष्ट आहे. आमच्याकडे नागपुरात कळमन्याच्या बाजूच्या एका डाळ मिलचं काम आलं होतं, ऑफिस आणि मिल मिळून सगळे पीसी विंडोज ११ वर न्यायचे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि इथे तर निम्मे पीसी अजून विंडोज ७ वरच, ज्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला. जुन्याच डब्यांवर ११ चढवायचा प्रश्नच नव्हता, त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि इथे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे पीसी धूळ खात चालू होते. म्हणजे नवीन घ्या. शेठ म्हणाले घ्या, पण नव्या तुरीची आवक सुरू आहे, मिल एक तास पण थांबायला नको.

असल्या कामात विंडोज टाकणं हे सगळ्यात सोपं असतं, अर्ध्या तासात होतं. खरं डोकं जातं ते त्यावर जे चालतं त्यात. म्हणून मी आधी एक स्क्रिप्ट फिरवली, नेटवर्कवरच्या ४१ पीसींवर काय काय इन्स्टॉल आहे त्याची यादी एक्सेलमध्ये काढली, कोणतं तसंच चालेल, कशाला नवं व्हर्जन लागेल, कशाचं काहीच होणार नाही असे तीन रंग दिले. लाल रंगात एकच होतं, पगारपत्रक. डॉसच्या फॉक्सप्रोमधलं, १६-बिट. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं आणि ६४-बिट विंडोज १६-बिटचा प्रोग्रॅम उघडतच नाही, राइट क्लिक करून कितीही कंपॅटिबिलिटी मोडचे टिक मारा. ते डॉसबॉक्समध्ये (नव्या विंडोजवर जुनं डॉस चालवणारा प्रोग्रॅम) बसवलं, काळी स्क्रीन दिसली तशा अकाउंटवाल्या मॅडम म्हणाल्या, हां, हेच आपलं. एका पोर्टलला इंटरनेट एक्स्प्लोरर लागायचा, त्याला एजचा आयई मोड लावून दिला. दोन आठवड्यांत सगळी यादी हिरवी झाली आणि मी जरा हवेतच होतो.

शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजर चहा पिता पिता म्हणाले, आणि हो, काट्यावरचा पण बदलून टाका. मी म्हटलं कोणत्या काट्यावरचा? म्हणजे मिलच्या गेटवर वजनकाटा आहे, बाजूला केबिन आहे, दोन आठवडे मी रोज तिथूनच गाडी आत घालत होतो, पण आत पीसी आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तो नेटवर्कवर नव्हता, म्हणून स्क्रिप्टला दिसला नाही. आणि मॅनेजरना आधी विचारलं होतं की अजून काही सॉफ्टवेअर आहे का, तर नाही म्हणाले. आता विचारलं तर म्हणे, "अहो काट्यावर कुठलं सॉफ्टवेअर, तिथून तर फक्त पावती निघते."

शनिवारी दुपारी केबिनमध्ये गेलो. जेमतेम दोन माणसं बसतील एवढी जागा, भिंतीवर ताजुद्दीन बाबांचं कॅलेंडर, टेबलावर लाल आकड्यांचा इंडिकेटर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि खाली बारदान्यावर ठेवलेला सीपीयू. दिवसपाळीला शंकरभाऊ, पन्नाशीचे. मी सॉफ्टवेअर बघितलं, व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक, जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा) मधलं. कोणीतरी कॉलेजच्या पोरानं २००९ मध्ये बनवून दिलेलं, तो आता पुण्यात आहे एवढंच सगळ्यांना माहीत. सेटअप वगैरे काही नाही, प्रोग्रॅम फाइल्समध्ये एक फोल्डर, त्यात एक ईएक्सई आणि एक ॲक्सेसची एमडीबी फाइल, तीच सगळी पावत्यांची वही. म्हणजे हा पीसी नेटवर्कवर असता तरी माझ्या यादीत हे आलंच नसतं, कारण विंडोजच्या हिशोबाने ते इन्स्टॉलच झालेलं नव्हतं.

फोल्डर उचलला, नव्या पीसीच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकला. उघडल्यावर अपेक्षेप्रमाणे रनटाइम एरर ३३९, एमएससीओएमएम३२.ओसीएक्स सापडत नाही. ही फाइल सिरियल पोर्टशी, म्हणजे काट्याची केबल लागते त्याच्याशी, बोलायचं काम करते. ३२-बिट असल्यामुळे ती सिस्टम३२ मध्ये नाही तर सिसवाऊ६४ मध्ये टाकून तिथूनच रजिस्टर करावी लागते (नावं बरोबर उलटी आहेत, ६४ नावाच्या फोल्डरमध्ये ३२-बिटचा माल, याच्यावर मी पहिल्या नोकरीत एक पूर्ण दिवस घालवला आहे). झालं, उघडलं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून एक खोटी एन्ट्री केली, पावती निघाली, एन्ट्री डिलीट केली, शंकरभाऊंना म्हटलं चालतंय. ऑफिसमध्ये ठरल्याप्रमाणे दोन वेगळे लॉगिन बनवले, एक शंकरभाऊंचा आणि एक रातपाळीच्या प्रफुलचा. आधी दोघं एकाच नावाने बसायचे, पासवर्ड नाहीच, आणि जुन्या पीसीवर ते "परवानगी द्या" विचारणारं यूएसी पण कोणीतरी कायमचं बंद करून ठेवलेलं. मी म्हटलं आता सगळं नीट करू. हे नीट करणंच मला भोवणार होतं.

सोमवारी सकाळी आठला काटा जोडायला गेलो तर इंडिकेटरची केबल नऊ पिनची आणि नव्या पीसीला तसला पोर्टच नाही. यूएसबी टू सिरियलची निळी केबल बॅगेत होती, लावली, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं निशाण आणि पोर्टच्या नावाच्या जागी चक्क लिहून आलं, पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२, प्लीज कॉन्टॅक्ट युवर सप्लायर. म्हणजे केबलचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर स्वतःच सांगतं की केबलमधल्या या जुन्या चिपला मी ओळखतो पण काम करणार नाही, जा. बाहेर सहा गाड्या उभ्या, ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवून राहिलेले. यादीतून हाताने जुना ड्रायव्हर निवडला तेव्हा पोर्ट जिवंत झाला, पण नंबर आला कॉम ७ आणि सॉफ्टवेअरमध्ये फक्त १ ते ४. ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन ७ चा ३ केला, बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग) २४०० ठेवला, आणि स्क्रीनवर इंडिकेटरचेच आकडे पळायला लागले. शंकरभाऊंनी पहिली गाडी घेतली. साडेनऊ वाजता मी पारडीच्या चौकात तर्री पोहे खात होतो आणि मनात एक्सेलमध्ये बेचाळिसावी ओळ हिरवी करून टाकली होती.

रात्री पावणेअकराला फोन. प्रफुल.

"साहेब, गाडी दिसून नाही राहिली."

"कोणती गाडी?"

"कारंज्याची. सकाळी शंकरभाऊनं भरलेली तोलली, पावती हाय डायवरच्या हातात. आता खाली करून आली तर कंप्युटरात तिचं नावच नाही जी."

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काट्यावर गाडी दोनदा येते. एकदा भरलेली, एकदा माल उतरवून रिकामी, आणि दोन्हीतली वजाबाकी म्हणजे माल. त्या गाडीचं भरलेलं वजन २६,८४० किलो पावतीवर छापलेलं होतं. पण सॉफ्टवेअरमध्ये ती एन्ट्री नसेल तर रिकामं वजन लावायचं कशाला? प्रफुल पुढे हळू आवाजात म्हणाला, "शेठचा फोन येऊन गेला. मायावर संशय घेऊन राह्यले. म्हणे एन्ट्री उडवली कोणी. म्या काही नाही केलं साहेब." पोरगा तीन महिन्यांपूर्वीच लागलेला. आणि काट्यावर एन्ट्री गायब होणं म्हणजे साधी गोष्ट नाही, सतरा-अठरा टन तुरीचा हिशोब असतो त्यात.

जेवण तसंच टाकून निघालो. केबिनमध्ये मॅनेजर उभे, ड्रायव्हर दारात बिडी ओढत, प्रफुलचा चेहरा उतरलेला. त्याच्या लॉगिनमध्ये बघितलं, खरंच, शनिवारच्या पावत्या आहेत आणि त्यानंतर थेट त्याच्या रात्रीच्या नऊ. सोमवारचा पूर्ण दिवस नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याची पहिली पावती ४२१८ नंबरची, आणि कारंज्याच्या ड्रायव्हरच्या हातातल्या पावतीवर पण नंबर ४२१८. मॅनेजरनी दोन्ही पावत्या शेजारी शेजारी धरल्या आणि प्रफुलकडे असं बघितलं की मलाच कसंतरी झालं.

मी म्हटलं थांबा, आणि माझ्या ॲडमिन लॉगिनमधून उघडलं. तिथे तर शनिवारनंतर काहीच नाही, प्रफुलच्या नऊ पण नाहीत. आता माझ्या पोटात गोळा आला, म्हणजे फाइलच करप्ट झाली का? शंकरभाऊंना फोन लावून उठवलं, पासवर्ड विचारला (तो त्यांनी आधीच मॉनिटरच्या मागे चिकटवलेला होता, तेवढं मीच बघितलं नव्हतं). त्यांच्या लॉगिनमध्ये दिवसभराच्या ३१ पावत्या जागच्या जागी, ४२१८ पासून ४२४८ पर्यंत, कारंज्याची पहिलीच. मॅनेजर म्हणाले, "हे काय बाप्पा, माणूस बदलला की हिशोब बदलतो?"

एकच प्रोग्रॅम, एकच फोल्डर, एकच फाइल आणि तीन लोकांना तीन वेगळ्या वह्या. मी प्रोग्रॅम फाइल्समधल्या एमडीबीची तारीख बघितली, शनिवार, ४ वाजून १२ मिनिटं. म्हणजे माझी खोटी एन्ट्री डिलीट केली त्यानंतर या फाइलला कोणी हातच लावलेला नाही. मग समोर बसून या पोराने नऊ पावत्या लिहिल्या कुठे?

तेव्हा डोक्यात उजेड पडला आणि खरं सांगतो, आनंदापेक्षा लाजच जास्त वाटली. विंडोज व्हिस्टा आलं आणि त्याच्यासोबत यूएसी, तेव्हापासून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवल्याशिवाय विंडोज प्रोग्रॅमला प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहू देत नाही. पण जुने प्रोग्रॅम तर तिथेच लिहायचे, ते सगळे बंद पडले असते. म्हणून एक जुगाड ठेवला आहे, असला जुना ३२-बिट प्रोग्रॅम तिथे लिहायला गेला की विंडोज एरर देत नाही, गुपचूप त्या फाइलची एक कॉपी त्या युजरच्या स्वतःच्या ॲपडेटामध्ये व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात करतं आणि पुढे त्याला तीच दाखवत राहतं. प्रोग्रॅमला कळत नाही, माणसाला तर नाहीच नाही. जुन्या पीसीवर यूएसी बंद म्हणून हा खेळ पण बंद होता, आणि युजर पण एकच. मी यूएसी चालू ठेवलं आणि वर दोघांना दोन लॉगिन दिले. आणि मी शनिवारी टेस्ट केलं ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, त्याला हे लागूच होत नाही, म्हणून मला सगळं छान दिसलं. काट्यावर बसणाऱ्या माणसाच्या लॉगिनमधून एकदा पावती काढून बघितली असती तरी पुरे होतं.

व्हर्च्युअलस्टोअर उघडलं. प्रफुलच्या नावाखाली तीच एमडीबी, वेळ रात्री १०:२२. मॅनेजरना स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, म्हटलं हे बघा, ही त्याची वही, ही शंकरभाऊंची, ही माझी. यानं काही उडवलं नाही, चूक माझी आहे. ते थोडा वेळ बघत राहिले, मग बाहेर जाऊन शेठना फोन लावला. काय बोलले ते ऐकू आलं नाही.

दुरुस्ती तशी लहान होती. तिन्ही फाइलींची कॉपी पेन ड्राइव्हवर घेतली, फोल्डर प्रोग्रॅम फाइल्समधून काढून सरळ सी ड्राइव्हवर टाकला, दोन्ही युजरना त्यात लिहायची परवानगी दिली (नुसत्या एमडीबीला देऊन चालत नाही, ॲक्सेस उघडताना बाजूला एक लॉकची एलडीबी फाइल बनवतं, ती बनली नाही की परत बोंब), शंकरभाऊंची वही मूळ म्हणून ठेवली आणि दोघांच्या व्हर्च्युअलस्टोअरमधल्या कॉप्यांची नावं बदलून टाकली. आणि या वेळी प्रफुललाच त्याच्या लॉगिनमधून उघडायला लावलं. कारंज्याची गाडी दिसली. गाडी काट्यावर चढली, ९,३१० किलो, निव्वळ १७,५३०, पावती टरटर करत निघाली आणि ड्रायव्हर एक शब्द न बोलता ती घेऊन गेला.

राहिल्या प्रफुलच्या नऊ. त्या कार्बन कॉपीवरून हातानेच टाकायच्या ठरवल्या, तो वाचून दाखवायचा आणि मी टाइप करायचो, नवे नंबर ४२४९ पासून, आणि प्रत्येक जुन्या कॉपीवर पेनाने नवा नंबर आणि दोघांची सही. दीड वाजला. मध्ये त्याने थर्मासमधला चहा दिला, एकदम गोडमिट्ट. जाताना म्हणाला, "साहेब, त्या दोन पावत्या मले देता का? त्या बेचाळीस अठराच्या." शंकरभाऊंची ऑफिसची कॉपी आणि त्याची, दोन्ही त्याने टेबलाच्या काचेखाली सरकवल्या. हिशोबाला लागतील म्हणून त्यांची झेरॉक्स मी फाइलला लावली. नंतर एकदा शेठ केबिनमध्ये आले होते तेव्हा काचेखाली बघून गेले म्हणे, बोलले काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक्सेल बंद करून पायी पूर्ण मिल फिरलो. सॉफ्टवेअर कोणतं वापरता असं विचारलं की लोक नाही म्हणतात हे कळलं होतं, म्हणून दिसेल त्याला एवढंच विचारलं, संध्याकाळी घरी जाताना काय काय बंद करून जाता? तुरीतला ओलावा तपासतात त्या खोलीतल्या ताईंनी कपाट उघडून एक लॅपटॉप दाखवला, विंडोज एक्सपी. आणि मागच्या शेडमध्ये हमालांच्या हजेरीचं मशीन होतं, मुकादम म्हणाला त्यात कंप्युटर वगैरे काही नाही जी, नुसतं बोट लावायचं. मी मशीनच्या मागे हात घालून वायर ओढली, तर तीच निळी केबल.